सात किलोंत न मावणारं

एका सोमवाराआड पहाटे 3 वाजून 40 मिनिटांनी माझा अलार्म वाजायचा. 4 वाजता टॅक्सी, 5 च्या आत लोहगाव, 6 च्या सुमारास विमान. साडेसातला बेंगळुरू. त्यानंतर खरा प्रवास सुरू व्हायचा, कारण बेंगळुरूचा विमानतळ देवनहळ्ळीला, शहराच्या पार उत्तरेला, आणि माझं काम होसूरला, म्हणजे शहर ओलांडून दक्षिणेला, तमिळनाडूच्या हद्दीत. सातशे-आठशे किलोमीटर हवेतून दीड तासात आणि पुढचे ऐंशीएक किलोमीटर रस्त्यावरून अडीच-तीन तासांत. सिल्क बोर्डच्या चौकात अडकलेल्या माणसाला आइन्स्टाइन वेगळा शिकवावा लागत नाही.

असं चौदा महिने चाललं. एका कारखान्याच्या गोदामात आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर बसवायचं होतं. आलेला प्रत्येक खोका स्कॅन होणार, कुठल्या रॅकवर आहे ते स्क्रीनवर दिसणार, अशा तऱ्हेचं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, आणि ऑफिस आपल्याला विमानाने पाठवतं याचा आनंद मला तिसऱ्या फेरीपर्यंत पुरला.

चौथ्या फेरीपासून मी प्रवासाकडे इंजिनिअरसारखा बघायला लागलो. म्हणजे वेळ कुठे गळतोय ते शोधायचं आणि भोक बुजवायचं. चार्जर दोन घेतले, एक घरचा आणि एक बॅगेतून कधीच बाहेर न निघणारा. दाढीच्या सामानाचा पाऊचही तसाच, परत आल्यावर रिकामा करायचाच नाही. लेस नसलेले बूट. शर्ट घडी न घालता गुंडाळून. वेब चेक-इन उघडताक्षणी पुढच्या रांगांमधली कडेची सीट. डिजियात्रा आल्यावर चेहरा दाखवून आत. हॉटेल दर वेळी तेच, खोली लिफ्टपासून लांबची, आणि मेतकुटाची छोटी डबी, कारण कुठल्याही गावात गरम भात मिळतो आणि त्यावर मेतकूट पडलं की अर्धं घर तिथे येतं. सगळं मिळून सात किलोंच्या आत, म्हणजे सामान बेल्टवर यायची वाट बघत उभं राहणं नाही. हे वाचून तुम्हाला यातलं काही उपयोगी पडलं तर जरूर घ्या, मी अजूनही यातलं बहुतेक पाळतो. पण हा लेख त्याबद्दल नाही. तो एका सिनेमाबद्दल आहे, जो मी या काळात दोनदा पाहिला आणि दोन वेळा वेगळा दिसला.

‘अप इन दी एअर’. जेसन राइटमनचा, 2009 चा. टीममधल्या एका सीनिअरने माझी बॅग भरण्याची पद्धत बघून हसत सांगितलं होतं की तुझ्यावर सिनेमा निघालाय, बघ. मी होसूरच्या हॉटेलात फोनवर पाहिला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रायन बिंगहॅम (जॉर्ज क्लूनी) याची नोकरी म्हणजे दुसऱ्यांना नोकरीवरून काढणं. ज्या कंपन्यांच्या साहेबांना स्वतः ते सांगायची हिंमत नसते, त्या याला बोलावतात. तो विमानाने जातो, टेबलापलीकडे बसतो, शांत आवाजात सांगतो, एक फाइल हातात देतो आणि पुढच्या शहराला निघतो. वर्षातले 322 दिवस तो बाहेर असतो आणि घरी काढावे लागलेले उरलेले दिवस त्याला शिक्षा वाटतात. त्याचं एकच स्वप्न आहे, एक कोटी मैलांचा टप्पा. मग ऑफिसात नॅटली नावाची ताज्या दमाची मुलगी येते आणि म्हणते, एवढं उडायचं कशाला, हे काम व्हिडिओ कॉलवर करूया. रायनच्या पायाखालचं विमानच सरकतं. हा सिनेमा ज्या कादंबरीवर बेतलाय ती वॉल्टर कर्नची, 2001 साली सप्टेंबरच्या हल्ल्यांआधी आलेली. मधल्या आठ वर्षांत विमानतळ बदलले, 2008 ची मंदी आली आणि राइटमनच्या हातात वेगळाच ऐवज पडला. सिनेमाला सहा ऑस्कर नामांकनं मिळाली, पुतळा एकही नाही.

पहिल्या वेळी मला सिनेमाची पहिली पंधरा मिनिटंच आवडली, आणि ती बेफाम आवडली. रायन बॅग भरतो तो प्रसंग बघा. टाय, शर्ट, चेनचा आवाज, चाकांचा आवाज, कापाकापी इतकी नेमकी की प्रत्येक वस्तू आपल्या जागी ‘टक’ करून बसते. तपासणीच्या रांगेत बूट, पट्टा, लॅपटॉप, ट्रे. कुठेही हात अडखळत नाही. कोणाला नृत्यात जे दिसतं ते मला यात दिसलं. चांगला लिहिलेला कोड बघताना होतं तसं.

मग नॅटली पहिल्यांदा त्याच्याबरोबर निघते तेव्हा मोठी, बेढब सुटकेस घेऊन येते. रायन तिला सामान चेक-इन करण्याची किंमत समजावतो. दर विमानामागे 35 मिनिटं, वर्षातले 270 दिवस, म्हणजे 157 तास, म्हणजे सात दिवस. मी तिथेच सिनेमा थांबवून हिशेब केला (सवय). 35 गुणिले 270 म्हणजे 9450 मिनिटं, साडेसत्तावन्न वर शंभर तास, बरोबर. पण 157 तासांचे दिवस साडेसहाच होतात. सात करताना गडी अर्धा दिवस वर ढकलतो. तेव्हा मला वाटलं, लेखकाने सोपं केलंय. दुसऱ्यांदा पाहताना वाटलं, हे रायनचंच गणित आहे. वाचवलेला वेळ हा माणूस नेहमी वरच्या बाजूला मोजणार. कारण त्या वाचवलेल्या सात दिवसांचं तो काय करतो? परत विमानात बसतो.

त्या बॅगेबद्दल थोडं विषयांतर करतो. चाकांच्या सुटकेसचं पेटंट अमेरिकेत 1972 साली बर्नार्ड सॅडोच्या नावे निघालं, पण ती आडवी होती आणि पट्ट्याने कुत्र्यासारखी ओढावी लागायची. आज आपण ओढतो ती उभी, दांडा वर येणारी बॅग 1987 साली रॉबर्ट प्लाथने बनवली. तो नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचा वैमानिक होता आणि पहिली गिऱ्हाइकं त्याचेच सहकारी, वैमानिक आणि हवाईसुंदऱ्या. म्हणजे ही वस्तू सुट्टीवर निघालेल्या माणसाने नाही, ड्यूटीवर निघालेल्याने काढली. मग विमानतळावर त्यांच्या मागून चालणाऱ्या प्रवाशांना ती हवीशी झाली. मला हा इतिहास आवडतो, कारण कामासाठी प्रवास करणाऱ्याला आराम हवा असण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही हे त्यातून कळतं. हमालाला डोक्यावर चुंबळ लागते, तशी आम्हाला चाकं.

आणि इथेच सिनेमाशी माझं पहिलं भांडण आहे. सिनेमा रायनला शिक्षा करतो, आणि ती करताना त्याच्या कसबाला साक्षीदार म्हणून उभं करतो. याची बॅग एवढी नीट आहे, म्हणजे याचं आयुष्य रिकामं असणार. एकदा हे ठरलं की पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. अ‍ॅलेक्स (व्हेरा फार्मिगा) ही त्याच्यासारखीच उडती बाई त्याला भेटते, दोघं आपापली मेंबरशिप कार्डं टेबलावर टाकून एकमेकांना जोखतात (फार मजेदार प्रसंग आहे, आमच्याकडे लाउंजच्या कार्डांवरून डिट्टो असंच चालतं), प्रेमात पडल्यासारखं होतं, तो भर भाषण सोडून शिकागोला तिच्या दारात जाऊन उभा राहतो आणि दार उघडताच मागे मुलं, नवरा. ती नंतर फोनवर त्याला सांगते ते जिव्हारी लागणारं आहे. तिच्या लेखी तो मुख्य वाक्यात नव्हताच, कंसात होता.

प्रेक्षक म्हणून आपण रायनसाठी हळहळतो. पण जरा अ‍ॅलेक्सच्या बाजूने बघा. सबंध सिनेमात कामाच्या प्रवासाची घडी बसलेली अशी ती एकटीच आहे. तिला घर आहे, काम आहे, आणि दोन्हींच्या मधल्या जागेत काय चालतं ते तिने वेगळ्या कप्प्यात ठेवलंय. ते बरोबर की चूक ते तुम्ही ठरवा. पण असा कप्पा करणाऱ्या पुरुषांवर किती सिनेमे निघाले, आणि त्यांतल्या किती जणांना शेवटच्या वीस मिनिटांत दारात उघडं पाडलं? तिच्या घरात ती नसताना मुलांचं कोण बघतं, ती परतते तेव्हा तिची बॅग कोण रिकामी करतं, याची सिनेमाला उत्सुकता नाही. ती दार उघडते आणि तिची गोष्ट बंद होते. पटकथेतली सगळ्यात आळशी जागा ती हीच.

दुसरं भांडण थोडं अवघड आहे. हा सिनेमा ‘लॉयल्टी’ या शब्दाची खिल्ली उडवतो. माणसांशी नाही ती निष्ठा हा माणूस विमान कंपनीशी ठेवतो, असा टोमणा सिनेमाभर आहे. मैलांचे पॉइंट देण्याची मोठी योजना अमेरिकन एअरलाइन्सने 1981 साली सुरू केली. रायनचे मैल त्याच कंपनीचे, तो राहतो ते हॉटेल हिल्टन, आणि या दोन्ही कंपन्या पडद्यावर आपापल्या खऱ्या नावानिशी, खऱ्या दिव्यांसकट, चकचकीत दिसतात. म्हणजे टीका ज्याच्यावर करायची त्याच्याच दिवाणखान्यात बसून, त्याचाच चहा पीत. याने सिनेमा खोटा पडत नाही, पण दुभंगतो. डोळे एक सांगतात, संवाद दुसरं. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा फक्त डोळ्यांचं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी ऑनलाइन रायनसारखी बॅग शोधली. त्यात मी एकटाच मूर्ख नसणार.

आता सिनेमाची ताकद सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल आवडला नाही तर दोनदा पाहिला कशाला.

नोकरी गेलेल्यांचे जे चेहरे सिनेमात येतात, त्यांतले बरेच नट नाहीत. राइटमनने सेंट लुइस आणि डेट्रॉइट भागातल्या, त्या काळात खरोखर नोकरी गमावलेल्या माणसांना बोलावलं आणि त्या दिवशी काय बोलला होतात किंवा काय बोलायचं राहून गेलं ते कॅमेऱ्यासमोर बोला, असं सांगितलं. ते चेहरे आले की क्लूनीचं देखणेपण काही क्षण विसरायला होतं. कोणी हसतं, कोणी बायकोला काय सांगू म्हणतं, कोणी नुसतं टेबलाकडे बघतं. गुळगुळीत बॅगांच्या या सिनेमात खरखरीत असं तेवढंच आहे.

आणि दुसरी ताकद म्हणजे पुठ्ठ्याचा तो कटआउट.

रायनच्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे. तिला आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याला मधुचंद्राला जायला पैसे नाहीत, म्हणून त्यांनी दोघांचा पुठ्ठ्याचा फोटो कापून नातेवाइकांना पाठवलाय. जिथे जाल तिथे आमचा फोटो काढा, म्हणजे आम्ही तिथे गेल्यासारखं होईल. रायन कुरकुरतो. तो पुठ्ठा त्याच्या बॅगेत मावत नाही. सबंध सिनेमात बॅगेत न मावणारी वस्तू ती एवढीच. चेन अर्धी लागते आणि बाहेर डोकी राहतात, अशी ती दोघं अमेरिकाभर हिंडतात. शेवटी रायन लग्नघरी पोचतो तेव्हा तिथे भिंतीवर मोठा नकाशा आहे आणि त्यावर लोकांनी पाठवलेले असे कितीतरी फोटो लागलेत. याच्या फोटोंना जागा शोधावी लागते. आपण एवढं ओझं वाहिलं म्हणजे आपण त्या घराला हवे होतो असं त्याला वाटत असतं, आणि तिथे नकाशा त्याच्यावाचून भरत आलेला असतो. क्लूनी या प्रसंगात काहीही करत नाही, नुसता उभा राहतो. भाषणं, पाठपिशवीचं ते प्रसिद्ध रूपक (आयुष्यातलं सगळं सामान पिशवीत भरा, मग माणसं भरा, पट्टे खांद्याला रुततात का बघा), हे सगळं मला थोडं पाठ्यपुस्तकी वाटतं. कटआउट नाही वाटत.

पहिल्यांदा पाहताना मी या प्रसंगाशी फोन बाजूला ठेवून चहा मागवला होता. सिनेमा संथ झालाय असं वाटलं होतं.

मधल्या काळात एक पुस्तक हाती आलं आणि त्याचा या सगळ्याशी संबंध आहे. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ मार्क ओजे याने 1992 साली विमानतळ, हॉटेलं, महामार्ग अशा जागांना एक नाव दिलं, ज्याला मराठीत ‘अ-स्थळं’ म्हणता येईल. पुस्तकाच्या सुरुवातीला पिएर द्युपों नावाचा एक काल्पनिक गृहस्थ कामासाठी विमानतळावर जातो. सामान सोपवून हातात नुसता बोर्डिंग पास उरला की त्याला हलकं वाटतं. पुढचं पुस्तक जड आहे, मी अर्धं वाचलं. पण द्युपोंचं ते हलकं वाटणं मला चांगलंच ओळखीचं होतं. तपासणी झाली, आत आलो, विमानाला पन्नास मिनिटं आहेत, कोणी भेटणार नाही, कोणाला काही द्यायचं नाही. कार्ड घासलं, दोन रुपये कापले गेले, लाउंजमध्ये गरम उपमा. (आता त्या उपम्यासाठीच्या रांगा बोर्डिंगच्या रांगेहून लांब असतात, तो भाग वेगळा.)

हा हलकेपणा मराठी प्रवासवर्णनांत मला कधी सापडला नव्हता. आपल्याकडे प्रवासवर्णन म्हणजे बघायला गेलेल्या माणसाचं, असा एक समज आहे. बारकाईने पाहिलं तर तो टिकत नाही. पु. ल. देशपांड्यांचं ‘अपूर्वाई’ ज्या इंग्लंडवारीतून आलं ती बीबीसीतल्या प्रशिक्षणासाठीची होती, म्हणजे आजच्या भाषेत ऑनसाइट. आणि गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ तर सरळ सरळ बिझनेस ट्रिप आहे.

हे विनोदाने म्हणत नाही. विष्णुभट गोडसे पेणजवळच्या वरसईचे. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर मिळेल असं कळतं, आणि हे काकांबरोबर उत्तरेला निघतात. साल 1857. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे, त्यांना माहीत नव्हतं. महूच्या बाजूला शिपायांकडून बंडाची कुणकुण लागते, आणि पुढे हा माणूस वेढ्यातल्या झाशीत अडकतो, कत्तल डोळ्यांनी बघतो, लुटला जातो. त्यांनी हे सगळं लिहून काढलं ते बऱ्याच वर्षांनी, आणि चिं. वि. वैद्यांनी ते छापलं 1907 साली. आज आपण ते बंडाचा साक्षीदार म्हणून वाचतो. मी ते होसूरच्या फेऱ्यांत वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांना भलतंच दिसत होतं. मुक्काम कुठे, शिधा कोण देणार, पैसे कमरेला बांधायचे की लपवायचे, वाटेत सोबत कोणाची. हा माणूस इतिहास बघायला निघालेला नाही, त्याला काम उरकून कर्ज फेडायचंय. भोवती राज्यं कोसळत असताना त्याचं अर्धं लक्ष कमरेच्या पैशांवर आहे, आणि त्यामुळेच त्याने सांगितलेल्या कोसळण्यावर आपला विश्वास बसतो.

तो परत येतो तेव्हा कमाई म्हणावी तशी काही उरलेली नाही. पण खांद्यावर गंगेची कावड आहे. आईवडिलांना गंगेच्या पाण्याने न्हाऊ घालायचं म्हणून ती त्याने पायी वाहून आणली. हे वाचताना मी विमानात होतो आणि मला रायनच्या बॅगेतून बाहेर डोकावणारा पुठ्ठा आठवला. दोन्हींत ओझं दुसऱ्याचं आहे. आपल्या सोयीच्या हिशेबात ते कुठल्याही बाजूने बसत नाही. आणि प्रवासाच्या त्या दोन्ही गोष्टींतून ते ओझं काढून टाकलं, तर एकात नुसती लूट राहते आणि दुसऱ्यात नुसते पॉइंट.

आता होसूरच्या गोदामाकडे येतो. हे सांगावं की नाही याचा मी बराच विचार केला.

तिथे एक वयस्कर गृहस्थ होते. आवक-जावकीची रजिस्टरं सांभाळायचे. हिरव्या कापडी पुठ्ठ्याच्या लांबलचक वह्या, दर महिन्याला एक. कुठला माल कुठल्या रॅकवर आहे हे विचारलं की ते वही न उघडता सांगायचे आणि मग खात्रीसाठी उघडायचे. माझं सॉफ्टवेअर चालण्यासाठी त्यांच्या डोक्यातलं सगळं आधी माझ्या टेबलांमध्ये यायला हवं होतं. म्हणून पहिले पाच-सहा महिने मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचो. त्यांना हिंदी जेमतेम, मला तमिळ शून्य. मी त्यांना सर म्हणायचो, ते मला तंबी म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. त्यांचा डबा आम्ही वाटून खायचो. माझं मेतकूट त्यांनी एकदा दहीभातावर घालून पाहिलं आणि पसंतीची मान हलवली. त्यांनी मला एकही गोष्ट शिकवताना हात आखडता घेतला नाही. मी काय बनवतोय हे त्यांना कळत होतं का, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. मला आता वाटतं की कळत होतं.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी मी निघताना ते मला गेटपर्यंत सोडायला आले. हातात गोणपाटात गुंडाळलेला फणस. घरामागच्या झाडाचा, आईला द्या, म्हणाले. मध्यम आकाराचा, पण सात-आठ किलोंचा सहज असेल. मी तोंडभरून आभार मानले, टॅक्सीत बसलो आणि हिशेब सुरू केला. केबिनमध्ये सात किलोंची मर्यादा. म्हणजे चेक-इन करावा लागणार. काउंटरची रांग, पुण्यात बेल्टवर वीस-पंचवीस मिनिटं, गोणपाटाला चीक लागलेला, बरोबर ऑफिसचा लॅपटॉप. देवनहळ्ळी येईपर्यंत निर्णय झाला होता. ड्रायव्हर नेहमीचा, त्याला म्हटलं, घरी घेऊन जा, पोरं खातील. तो खूश झाला. मी हातात बोर्डिंग पास आणि पाठीला बॅग, असा आत गेलो. लाउंजमध्ये जागा मिळाली. पुण्यात विमानाच्या दारातून टॅक्सीत बसायला मला अकरा मिनिटं लागली. मी मोजली होती. तोवरचा तो माझा सगळ्यात कमी वेळ होता.

पुढच्या सोमवाराआडच्या सोमवारी गोदामात त्यांचं टेबल नव्हतं. तिथे हँडहेल्ड स्कॅनर चार्ज करायचा स्टँड लावलेला होता. तो मीच मागितला होता, प्लॅनमध्ये फक्त ‘प्रवेशद्वाराजवळ’ एवढं लिहिलं होतं. त्यांच्याशी कोण काय बोललं, कुठल्या खोलीत, कोणी फाइल हातात दिली का, मला माहीत नाही. मॅनेजरने सांगितलं की त्यांना ‘रिलीज’ केलं. हा शब्द आम्ही सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीसाठी वापरतो.

त्या रात्री मी सिनेमा दुसऱ्यांदा पाहिला. आता पहिली पंधरा मिनिटं बघवेनात. आणि नॅटलीचा तो व्हिडिओ कॉलचा प्रकल्प वेगळा दिसला. पहिल्यांदा मला ती खलनायिका वाटली होती आणि रायन माणुसकीचा वकील. तो म्हणतो की समोर बसून सांगण्यात निदान आदर असतो, आणि त्यात तथ्य आहे. पण तो ते म्हणतो स्वतःचे मैल वाचवण्यासाठीही, आणि सिनेमा हे दोन हेतू वेगळे करून दाखवत नाही, हा सिनेमाचा प्रामाणिकपणा. पुढे नॅटलीने काढलेली एक बाई, जिने पुलावरून उडी मारीन असं शांतपणे सांगितलेलं असतं, ती तसं खरंच करते. नॅटली नोकरी सोडते. व्हिडिओ कॉलचा प्रकल्प थांबतो. आणि याचा परिणाम काय, तर रायनला पुन्हा विमानात बसायची परवानगी मिळते. एका बाईच्या जिवावर त्याचा आरामदायी प्रवास पुन्हा सुरू होतो, आणि सिनेमा यावर एक अक्षर बोलत नाही. मी कंसाबिंसाच्या सगळ्या चतुर संवादांपेक्षा हे गप्प राहणं मोठं मानतो. समीक्षकांनी हा सिनेमा एकाकी माणसाची गोष्ट म्हणून वाचला आणि मीही आधी तसाच वाचला. पण रायन एकाकी नसता, त्याला शिकागोत बायको आणि दोन मुलं असती आणि बॅगेत मुलांसाठी खेळणी असती, तरी सोमवारी सकाळी तो तेच काम करायला गेला असता. घर असण्या-नसण्याने टेबलापलीकडच्या माणसाला काय फरक पडणार होता? राइटमनला हा प्रश्न चेहरे दाखवताना सुचलेला आहे आणि गोष्ट संपवताना तो विसरला आहे.

रायन आणि मी यांच्यात एक मोठा फरक आहे, तो त्याच्या बाजूने झुकतो. तो कशासाठी चाललाय हे त्याला माहीत असतं. मी चौदा महिने चाकांच्या आवाजावर खूश होतो.

प्रकल्प वेळेत लाइव्ह झाला. त्यानंतर सपोर्ट पुण्यातूनच, कॉलवर. फेऱ्या बंद झाल्या आणि माझे पॉइंट एका मुदतीनंतर शून्य झाल्याचा मेसेज आला. रायन शेवटी आपले मैल बहीण-मेहुण्याला देऊन टाकतो, पुठ्ठ्याऐवजी ती दोघं खरोखर फिरून यावीत म्हणून. माझे पॉइंट देऊन टाकण्याइतके नव्हतेच.

शेवटच्या फेरीला टॅक्सीत त्याच ड्रायव्हरने स्वतःहून फणसाचा विषय काढला. कापा होता, म्हणाला, फार गोड, बायकोने आठळ्यांची आमटी केली, शेजाऱ्यांनाही दिला. आणि मग आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, तुमच्या घरी आवडला का? त्याला वाटलं होतं की मला दोन मिळाले होते, त्यातला एक मी त्याला दिला.

मी म्हटलं, हो, आवडला.